दीड ओळ

कोर्टाच्या त्या दालनात तिची खुर्ची सगळ्यांत बुटकी होती. वर साहेबांचं आसन, त्याच्या पायथ्याशी तिचं टेबल, डाव्या हाताला साक्षीदाराचा कठडा. वकील बोलायला उभे राहिले की त्यांच्या कोटाचं शेवटचं बटण बरोबर तिच्या डोळ्यांसमोर यायचं. एकवीस वर्षं ती तिथं बसून लोकांचं बोलणं उतरवून घेत होती. एक वही, चार टोकदार पेन्सिली आणि लघुलिपीच्या रेघा. नवख्या माणसाला वाटावं, कुणी मुंगी शाईत बुडवून कागदावर सोडलीय. पण त्या रेघांमधून ती साक्षीदाराचं "म्हंजे", "ते हे आपलं" आणि "खरं सांगू का" जसंच्या तसं वाचून दाखवायची. सगळं कोर्ट तिला स्टेनोबाई म्हणायचं. साक्षीदार नक्की काय बोलला यावर दोन वकिलांची जुंपली की तिसरा म्हणायचा, बाईंच्या वहीत बघा. आणि वहीत बघितलं की वाद तिथंच मिटायचा.

पोटाचं मात्र तिनं कोर्टात कुणाला कळू दिलं नव्हतं.

सहा वर्षांपूर्वी ते सुरू झालं. आधी वाटलं, बाहेरचं काही खाल्लं असेल. मग वाटलं, उष्णता. नणंदेनं मुळ्या उगाळून दिल्या, शेजारणीनं कसलीशी पूड दिली, नवऱ्याच्या मित्रानं सांगितलं की सकाळी अनवाणी चालायचं. वर्षभर चालून पायाला भेगा पडल्या तेवढ्याच. शेवटी रक्त दिसायला लागलं तेव्हा ती मोठ्या दवाखान्यात गेली. तिथं नळी घालून पाहिलं आणि सांगितलं, मोठ्या आतड्याला आतून सूज आहे, जखमा आहेत. औषधानं दबून राहील, पण मुळापासून जाणार नाही. कधी चार-चार महिने शांत, कधी दिवसाला दहा वेळा धाव. कळ जोराची आली की हातात फार तर दीड-दोन मिनिटं. त्या दोन मिनिटांत जागा सापडली तर माणूस, नाही तर काय, याचा विचारसुद्धा ती अर्ध्यावर सोडून द्यायची.

खरं दुखणं घरात फक्त तिच्या नवऱ्याला ठाऊक होतं. तो लिफ्ट दुरुस्त करायचा. शहरातल्या पाचशे-सहाशे इमारती त्याला आतून पाठ. बायकोच्या दुखण्यावर त्यानं आपल्या परीनं एक इलाज काढला होता: कुठल्या इमारतीच्या तळमजल्यावर संडास आहे, कुठला वॉचमन नाक मुरडतो आणि कुठला किल्ली देतो, याची यादी त्यानं तिच्याकडून तोंडपाठ करून घेतली होती. घर ते कोर्ट पाऊण तासाचा रस्ता, त्यात सात जागा. "विम्याच्या ऑफिसातला पहारेकरी आपला आहे," तो सांगायचा, "पण बँकेतल्याच्या नादी लागू नको, तो आधी खातं आहे का विचारेल." कधी थट्टेला आला तर म्हणायचा, तुझी लिफ्ट फक्त खालीच जाते. ती हसायची. त्याच्याशिवाय दुसऱ्या कुणी हे म्हटलेलं तिला खपलं नसतं.

बाकी आयुष्य मात्र कडेकडेनं आकसत गेलं. तिनं सिनेमा सोडला. मग मैत्रिणीबरोबरचं संध्याकाळचं फिरणं सोडलं. कुठंही गेली तरी दाराजवळची खुर्ची धरायची, त्यामुळे लोकांना वाटायचं हिला निघायची घाई. कोर्टात दुपारच्या सुट्टीत बाकीच्या बायका एकत्र डबे उघडायच्या. ही मात्र आपल्या टेबलाशी मऊ भात आणि उकडलेला बटाटा खायची, तेही संध्याकाळी कोर्ट उठल्यावर. सकाळपासून पोट रिकामं ठेवायचं हा तिचा नियम. बायका म्हणायच्या, साहेबांच्या पायाशी बसून हिचं डोकं वर गेलंय. मुलगी नोकरीला दुसऱ्या गावी होती. तिनं तिथं स्वतःच्या पसंतीनं लग्न केलं, घर घेतलं, चार वेळा बोलावलं. नऊ तासांचा बसचा प्रवास. बस मध्ये दोनदाच थांबते. ही दर वेळी काही ना काही कारण सांगायची. पाचव्यांदा मुलीनं बोलावलंच नाही.

तरी पहिली चार वर्षं कोर्टात निभावलं, कारण तेव्हाचे साहेब चहाबाज होते. तासातासाला त्यांना चहा लागायचा आणि त्यांच्या चहात हिचंही भागायचं. त्यांची बदली झाली आणि आताचे साहेब आले. हे माणूस म्हणून वाईट नव्हते. कधी आवाज चढवायचे नाहीत, कुणाचा पाणउतारा करायचे नाहीत. पण त्यांची एक पद्धत होती. साक्ष सुरू झाली की संपेपर्यंत कुणी जागचं हलायचं नाही. वकिलांनी नाही, शिपायानं नाही, खुद्द त्यांनीसुद्धा नाही. त्यांचं म्हणणं, साक्षीदार म्हणजे काठोकाठ भरलेली बादली घेऊन चाललेला माणूस, मध्ये थांबवलं की सांडतंच. एकदा सलग तीन तास दहा मिनिटं साक्ष चालली होती. त्या दिवशी तिनं आदल्या संध्याकाळपासून पाण्याचा घोटसुद्धा घेतला नव्हता आणि तरीही तिच्या ओठांवर दातांचे व्रण उठले होते.

शिवाय किल्लीची भानगड. कोर्टाच्या नोकरांसाठी एकच संडास होता, जिना उतरून मागच्या बाजूला. त्याची किल्ली हरवते म्हणून शिपायानं तिला हातभर लांब लाकडाचा ठोकळा बांधून ठेवला होता. हा शिपाई म्हणजे भोंगामामा. व्हरांड्यात पुकारा करताना त्याचा आवाज रस्त्यापलीकडच्या टपरीपर्यंत जायचा म्हणून हे नाव. तो ठोकळा हातात धरून चाललेला माणूस कुठं निघालाय हे अख्ख्या व्हरांड्याला कळायचं. भोंगामामाला वर विचारायची सवय: "परत का बाई?" त्याच्या मनात काही नसायचं. पण एवढ्यासाठी ती कळ सोसायची.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या, बोलायला सरळ. एका तपासणीला त्यांनी तिला तीस-बत्तीस प्रश्नांचा छापील कागद दिला. औषध लागू पडतंय का ते नुसतं आतड्यावरून ठरत नाही, माणूस कसा जगतोय तेही बघायचं असतं, असं त्या म्हणाल्या. गेल्या दोन आठवड्यांत किती वेळा थकवा वाटला? किती वेळा जवळपास संडास नसेल या भीतीनं बाहेर जाणं टाळलं? किती वेळा चिडचिड झाली, रडू आलं, लाज वाटली? ती बाकावर बसली आणि पाच मिनिटांत सगळ्या प्रश्नांपुढे "कधीच नाही"वर खूण करून कागद परत दिला.

डॉक्टरीणबाईंनी कागद वरून खालपर्यंत पाहिला. म्हणाल्या, "बाई, हा कुणाचा भरलात?"

"माझाच."

"आतडं पाहायला माझ्याकडे नळी आहे. बाकीचं पाहायला एवढा कागदच आहे. यावर तुम्ही पांघरूण घातलंत तर मी बघू कुठून? हे बघा, कुणाकडे जाणं टाळलंत का, कधीच नाही. खरंच?"

तिनं थोडा विचार केला. "टाळायला आधी कुणी बोलवावं तर लागतं ना," ती म्हणाली. "आता कुणी बोलवत नाही."

डॉक्टरीणबाईंनी तो कागद बाजूला ठेवला. दर गुरुवारी दवाखान्यात समुपदेशन करणाऱ्या बाई येतात, त्यांच्याशी बोला, असं सुचवलं. ती म्हणाली, गुरुवारी साक्षी असतात. तो विषय तिथंच राहिला.

आता एका खटल्याचं. बांधकाम चाललेल्या इमारतीचा सज्जा कोसळून दोन मजूर अंथरुणाला खिळले होते. ओल्या काँक्रीटखालचे लाकडी टेकू वेळेआधी काढले, हे उघड होतं. प्रश्न एवढाच होता की काढायला लावले कुणी. इमारतीचा मालक म्हणत होता, मला यातलं काही कळत नाही, सगळं मुकादम बघायचा. मुकादम म्हणत होता, मालक घाई करत होते. टेकू लावणारा सुतार हा मुख्य साक्षीदार. पन्नाशीचा गडी, एका बोटाचं पेर गेलेलं, कोर्टात पहिल्यांदा आलेला. कठड्याला त्यानं असं धरलं होतं की तोही पडेल की काय अशी त्याला शंका असावी.

त्या दिवशी तिचं पोट सकाळपासून कुरकुरत होतं. सुताराची साक्ष सुरू होऊन तास झाला तेव्हा पहिली कळ आली आणि गेली. दुसरी आली ती गेली नाही. तिनं टेबलाखाली पावलं एकमेकांवर दाबून धरली आणि लिहीत राहिली. सरकारी वकिलानं विचारलं, टेकू काढू नयेत असं तुम्ही कुणाला सांगितलं होतं का? सुतार बोलायला लागला आणि त्याच क्षणी मालकाचा वकील हरकत घ्यायला उठला, त्यावर सरकारी वकील उलटून बोलला. दोघांच्या आवाजाखाली सुतार आपला सांगतच होता. तिच्या डोळ्यांपुढे काळे ठिपके नाचले. कपाळावरचा घाम वहीवर पडला. पेन्सिल चालत होती, पण तिच्यातून निघत होत्या त्या नुसत्या रेघा.

साहेबांनी दोन्ही वकिलांना खाली बसवलं. मग वाकून तिला विचारलं, "घेतलंत ना?"

तिनं मान डोलावली.

नशिबानं कळ जरा ओसरली. साक्ष पुढे अर्धा तास चालली. ती संपल्यावर भोंगामामाच्या हातातला ठोकळा तिनं जवळजवळ हिसकावून घेतला.

परत आल्यावर ती टाईप करायला बसली. वहीत एका पानावर दीड ओळ अशी होती की तिचा कशाशी काही संबंध नव्हता. मागे प्रश्न, पुढे "पण ऐकतंय कोण", मधे गिचमीड. तिनं पान उजेडात धरलं, तिरकं करून पाहिलं. काही हाती लागेना. आता एकवीस वर्षं माणसांची बोलणी कानावरून गेली की कुठल्या प्रश्नाला कुठलं उत्तर येतं हे बोटांनाच ठाऊक होतं. काम करणारा माणूस शेवटी मालकालाच सांगतो. तिनं टाईप केलं: "मी मालकांना सांगितलं होतं, आठ दिवस तरी टेकू काढू नका." आणि पुढे "पण ऐकतंय कोण". वाक्य इतकं चपखल बसलं की ते त्याचंच असणार असं तिलाच वाटायला लागलं.

तिथली रीत अशी की टाईप झालेली साक्ष साक्षीदाराला वाचून दाखवायची, त्यानं बरोबर म्हणायचं, मग सही करायची. तोवर वकील आपापल्या कामाला गेलेले असतात, त्यांना नकला चार-पाच दिवसांनी मिळतात. तिनं वाचून दाखवलं. त्या वाक्याशी सुतारानं मान वर केली, साहेबांकडे पाहिलं, परत तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाला, बरोबर. खाली सही केली.

तिसऱ्या दिवशी सुतार परत आला. कोर्टात हजर होतो असा दाखला त्याला कामावर दाखवायला हवा होता. दाखला तिनंच टाईप करून दिला. तो घेऊन निघाला, दारापर्यंत गेला आणि डोकं खाजवत मागे आला.

"बाई, एक विचारू का? रागावू नका. मी तर मुकादमाला सांगितलं होतं. मालकाशी आमचं कधी बोलणंच नाही, तो गाडीतून उतरायचा नाही. पण तुम्ही वाचलं तेव्हा मालक म्हणालात. मला वाटलं, कोर्टानं विचार करून मालकच लिहायचं ठरवलं असेल."

तिनं वही ओढून ते पान उघडलं.

"मग तेव्हाच का नाही बोललात?"

"आता मी काय सांगणार," सुतार म्हणाला. "एवढं छापून आलं होतं."

त्या दिवशी तिनं भात खाल्ला नाही. एका शब्दानं मालक तुरुंगात जाणार होता आणि मुकादम सुटणार होता. आणि हे कुणाच्या लक्षातही आलं नसतं. मालकाचा वकील ओरडला असता, तर बाकीच्यांनी म्हटलं असतं, बाईंच्या वहीत बघा. वहीतली गिचमीड तिच्याशिवाय कुणाला वाचता येत नव्हती. ती म्हणेल ते त्यात लिहिलेलं होतं.

संध्याकाळी तिनं नवऱ्याला सगळं सांगितलं. तो पाना पुसत बसला होता. ऐकून घेतलं आणि म्हणाला, यात एवढं घाबरण्यासारखं काय आहे. सुतारालाच अर्ज करू दे. बोलण्याच्या भरात मालक म्हणालो, मुकादम म्हणायचं होतं. साधा माणूस आहे, करेल तो. तुझं नाव मधे येतंच कुठं?

तो करेल हे तिलाही माहीत होतं. सांगितलं तर तो माफीसुद्धा मागेल. पण शब्द फिरवणाऱ्या साक्षीदाराचं पुढे काय होतं हे तिनं त्याच खुर्चीत बसून कितीदा उतरवून घेतलं होतं. आधी मालक म्हणालात, आता मुकादम म्हणताय, तर मधल्या दिवसांत कोण भेटलं? वकील त्याला तासभर उभा सोलून काढणार. आणि त्याचा तो एकेक "नाही साहेब, तसं नाही साहेब" तिलाच लिहावा लागणार.

"मी साहेबांना सांगते," ती म्हणाली.

"काय सांगणार? संडासला लागली होती म्हणून?"

"हो."

नवऱ्यानं पाना खाली ठेवला. मग म्हणाला, "सहा वर्षं मी सगळ्या गावाच्या वॉचमनला सांगितलं की माझ्या बायकोला साखरेचा आजार आहे. निदान तेवढं खोटं उघडं पडू देऊ नको."

दुसऱ्या दिवशी कोर्ट सुरू व्हायच्या आधी ती साहेबांच्या खोलीत गेली. वही बरोबर नेली होती, दवाखान्याचे कागदही. उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. आजाराचं नाव सांगितलं, रक्ताचं सांगितलं, दीड ओळ दाखवली. बोलताना तिचा आवाज साक्ष वाचून दाखवतानाचा होता, ना वर ना खाली. साहेब वहीकडे बघत राहिले. त्यांनाही त्यातलं काही वाचता येत नव्हतं.

"मी तुम्हाला विचारलं होतं," ते म्हणाले. "घेतलंत ना म्हणून."

"हो साहेब."

"तुम्ही मान डोलावलीत."

"हो."

त्यांनी चष्मा काढला. "दोन वर्षं मला वाटत होतं, माझी कामाची पद्धत तुम्हाला आवडत नाही. साक्ष लांबली की तुम्ही तोंड आंबट करून बसता. एकदा तर वाटलं, तुमची बदली मागावी." मग चष्मा परत घातला आणि जो प्रश्न येऊ नये असं तिला वाटत होतं तोच विचारला. "याआधी किती वेळा?"

कधीच नाही, हे उत्तर तिच्या जिभेवर तयार होतं. तिनं ते गिळलं.

"वह्या तपासाव्या लागतील," ती म्हणाली.

पुढचं सगळं कोर्टाच्या चालीनं झालं, म्हणजे हळूहळू. सुताराला परत बोलावलं. शेजारच्या कोर्टातला लघुलेखक आणून साक्षीचा तेवढा भाग नव्यानं घेतला. सुतारानं मुकादमाचं नाव घेतलं आणि कुणी त्याला सोललं नाही, कारण चूक कोर्टाची आहे असं साहेबांनी आधीच सांगून टाकलं होतं. कारण देताना त्यांनी शब्द वापरला, "लघुलेखिकेच्या प्रकृतीमुळे". एवढंच. त्यांना ते सभ्यपणाचं वाटलं असावं. पण प्रकृती म्हटलं की व्हरांड्याला रान मोकळं. कुणी म्हणालं बाईला ऐकू येईनासं झालंय. कुणी म्हणालं गोळ्या घेते, त्यात गुंगते. मालकाच्या वकिलाच्या कारकुनानं तर शपथेवर सांगितलं की तिचे हात थरथरतात आणि त्याचं कारण बाटलीत आहे. मुकादमाची माणसं म्हणत होती, मालकानं बाई फिरवली. डबे खाणाऱ्या बायका आता तिच्याकडे बघून एकदम गप्प व्हायच्या.

तिला दफ्तरखान्यात बसवलं. सहा वर्षांच्या एकशे चाळीस वह्या आणि त्यांच्या टाईप केलेल्या प्रती, एकेक ओळ ताडून बघायची. दफ्तरखान्याला लागूनच दुसरा संडास होता, किल्लीबिल्ली काही नाही. तीन महिने ती तिथं बसली. शरीराला इतका आराम गेल्या सहा वर्षांत मिळाला नव्हता. मनाचं तसं नव्हतं. प्रत्येक वहीत जिथं रेघ थरथरली होती तिथं ती थांबायची, आणि तो दिवस, ती कळ, तो साक्षीदार सगळं समोर उभं राहायचं. अकरा जागा निघाल्या. नऊ ठिकाणी भरलेलं वाक्य निरुपद्रवी होतं, कुठं तारीख परत सांगितलेली, कुठं "मला आठवत नाही". एका जागेचा साक्षीदार मरून गेला होता. उरलेली एक होती नवरा-बायकोच्या काडीमोडाची. त्यात तिनं बायकोच्या तोंडी लिहिलं होतं, "मला यांच्याबरोबर राहायचं नाही." ती बाई खरोखर काय म्हणाली होती, हे आता कुठल्याच वहीतून निघणार नव्हतं. साहेबांनी दोघांना पत्रं पाठवली. नवऱ्याचं उत्तर आलं, झालं ते बरं झालं. बायकोचं पत्र पत्ता बदलला म्हणून परत आलं. साहेबांनी ते फायलीला लावलं. तिनं त्या बाईचा चेहरा आठवायचा प्रयत्न केला, पण तिला नुसते हात आठवले, पर्सची चेन उघडणारे आणि लावणारे.

याच दिवसांत तिनं मुलीला फोन करून आजाराचं सांगितलं. मुलगी चिडली. "तीन वर्षं मला वाटतंय तू माझ्या लग्नावर रागावलीस. मी ह्यांना सांगून ठेवलं की आईपुढे विषय काढू नका. तू एक फोन करायचा होतास ना गं, आई." ती म्हणाली, हो, करायला हवा होता. गुरुवारी ती दवाखान्यातल्या समुपदेशनवाल्या बाईंकडेही जायला लागली. त्यांच्या खोलीत बोलण्यापेक्षा गप्प बसणंच जास्त व्हायचं. डॉक्टरीणबाईंनी औषध बदललं. त्यानं काही आठवडे बरे गेले, काही नाही गेले.

वह्यांचा अहवाल झाल्यावर साहेबांनी तिला बोलावून विचारलं. दफ्तरखाना कायमचा हवा असेल तर तशी शिफारस करतो. नाही तर खुर्ची आहे. तिनं एक दिवस मागून घेतला. नवऱ्याचं मत दफ्तरखाना. डॉक्टरीणबाईंचं मत, तुम्हाला काय वाटतं ते बघा. तिला स्वतःला दफ्तरखान्यातली शांतता चांगली वाटत होती, पण तिथं कुणी बोलत नव्हतं आणि बोलणं ऐकायची तिला सवय होती. दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, खुर्ची. फक्त एक करा. मी पेन्सिल वर केली की थांबायचं.

साहेबांना हे जड गेलं. त्यांनी टेबलावरचा पेपरवेट दोनदा फिरवला. "किती वेळ?"

"दहा मिनिटं. कधी पंधरा."

"आणि साक्षीदाराला काय सांगायचं?"

"ते मी बघते," ती म्हणाली.

पहिले आठ दिवस तिनं पेन्सिल वर केलीच नाही. दोनदा करायला हवी होती, पण नाही केली. नवव्या दिवशी हद्दीच्या भांडणात एका निवृत्त मास्तरांची साक्ष होती. मास्तर भरल्या आवाजात, हातवारे करत, कुंपण कुठून कुठं गेलं ते सांगत होते. दालन भरलेलं होतं. दाराशी भोंगामामा, मागच्या बाकावर बाटलीची अफवा उठवणारा तो कारकून, भिंतीला टेकून, एकत्र डबे खाणाऱ्यांतल्या, कामासाठी आलेल्या दोन बायका. तिच्या पोटात मुरडा आला. तिनं एक वाक्य लिहिलं, दुसरं अर्धं लिहिलं. रेघ वाकडी व्हायला लागली तेव्हा तिनं हात वर केला. पेन्सिल त्याच हातात होती.

साहेब म्हणाले, थांबा.

मास्तर थांबले. शाळेत त्यांना आयुष्यभर कुणी मधे अडवलेलं नसावं. त्यांनी आधी साहेबांकडे पाहिलं, मग वकिलाकडे, मग खाली तिच्याकडे. "माझं काही चुकलं का?" त्यांनी विचारलं.

"नाही मास्तर," ती उभी राहत म्हणाली. "मला आतड्याचा आजार आहे. संडासला जाऊन येते."

ती साक्ष वाचून दाखवायच्याच आवाजात बोलली. शेवटच्या बाकापर्यंत ऐकू गेलं. कुणी हसलं नाही, कुणी हळहळलंही नाही. एका वकिलानं मोबाईल काढला. साहेबांनी आपल्या डायरीत वेळ लिहिली. दारातून बाहेर पडताना तिच्या पाठीमागे त्या दोन बायकांपैकी एक दुसरीला म्हणाली, "अगं, म्हणजे एवढंच होतं?" आणि दुसरी म्हणाली, एवढंच कसं, माझ्या दिराला आहे ना, विचार तिकडं काय हाल असतात ते.

बारा मिनिटांनी ती परत आली. खुर्ची पुढे ओढली, नवी पेन्सिल घेतली आणि वहीतलं शेवटचं अर्धं वाक्य वाचलं: "ते कुंपण आधी बाभळीच्या अलीकडे होतं, आणि मग एके दिवशी सकाळी मी बघतो तो..."

मास्तरांनी तोंड उघडलं आणि परत मिटलं. छताकडे पाहिलं. "पुढचं विसरलो," ते ओशाळून म्हणाले.

"सावकाश आठवा," साहेब म्हणाले.

तिनं तेही लिहून घेतलं.